हेडफोन लावून वाजव

पटत नसेल तर इथंच सोडा. कुणाला शेंडी लावायला मी बसलेलो नाही. घडलं ते सांगतो.

गाव मुरुम. यंदाचा चैत्र. वेळ भर दुपारी तीनची. भूत रात्रीच येतं म्हणणाऱ्यांनी माझ्या घरी येऊन बसावं.

मी रणधीर. बाजारात बियाणं-खताचं दुकान आहे. दुपारी जेवून तासभर आडवं व्हायची माझी सवय.

बायको राजनंदिनी. लग्नानंतर माहेराहून तिनं तिचा डिजिटल पियानो आणला. दुपारी तेवढाच तिला मोकळा वेळ. अन् नेमकी तेव्हाच माझी झोप!

"हेडफोन लावून वाजव," मी एकदाच खेकसलो.

तिनं वायर खोचली. स्पीकर बंद झाला. पुढं सहा वर्षं मला फक्त पट्ट्या दाबल्याचा आवाज यायचा. टक... टकटक... आणि पायाखालच्या पेडलचा धप.

दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "अहो, मी स्वतःची एक चाल बसवलीय. एकदा ऐका ना."

"नंतर," म्हणालो आणि कूस बदलली.

माघात तापाचं निमित्त झालं. आठ दिवसांत ती गेली.

चैत्रातली ती दुपार. डोळा लागतोय तोच...

टक.

टकटक... धप.

खोलीत गेलो. कुणी नाही. पियानोचा लाल दिवा चालू होता. वायर खोचलेलीच होती. पट्ट्या आपोआप खाली जात होत्या...

भीती वाटली? वाटली की! पण त्याआधी मनात आलं, ही तीच चाल असणार. एकदा ऐकू दे, बस्स.

वायर उपटली. आवाज पूर्ण वाढवला.

पट्ट्या थांबल्या.

परत खोचली... टक... घाईनं हेडफोन डोक्यावर चढवला. बंद. काढला की सुरू. च्यायला, आठवडाभर हेच! रेकॉर्डचं बटण दाबून पाहिलं. चार मिनिटं रेकॉर्ड झालं. लावून ऐकलं, तर चार मिनिटं नुसती शांतता.

शेवटी भांडी घासायला येणाऱ्या कडूबाईला बोलावून हेडफोन दिला. तिनं पदराला हात पुसले आणि कानाला लावला.

टकटक चालूच राहिली.

कडूबाईचे डोळे भरून आले. "लई ग्वाड वाजवत्यात वैनी..."

मी तो हिसकावून घेतला.

काहीच नाही...

"कडूबाई, गुणगुणून तरी दाखवा की!"

तिनं तोंड उघडलं, मिटलं. "न्हाय जमत, दादा. कानातनं काढलं की ध्यानातनं जातंय बगा. पर तुमी तर रोज दुपारी घरातच असायचा. कधीच ऐकलं न्हाय व्हय?"

मी हेडफोनची वायर गुंडाळत बसलो.

तेवढ्यात सासऱ्यांचा निरोप आला. लेकीची आठवण म्हणून पियानो आम्हाला द्या. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यांनी तिचं वाजवणं तिच्या लहानपणापासून समोर बसून ऐकलेलं. रविवारी टेम्पो आला. गडबडीत हेडफोन तेवढा माझ्या हातात राहिला.

सोमवारी दुपारी तीन. खोलीत नुसती भिंत. फरशीवर स्टँडच्या पायांचे डाग.

टक... टकटक... धप.

रोज येतो. आजही आला. हेडफोन घेऊन मी त्या भिंतीपाशी बसतो.

वायर कुठं खोचू?