रेडिओ बंद कर

धूर दिसला म्हणून मी धावले, एवढंच. प्रेमबिम काही डोक्यात नव्हतं.

समोरच्या कॉफीच्या दुकानात रेडिओ ठणाणा वाजतोय, भट्टीवरच्या फिरत्या पिंपात बियांचा पार कोळसा झालाय, आणि मालक बाजूला शांत उभा!

"अहो, झोपलात का? अख्ख्या गल्लीला वास येतोय!"

त्यानं भट्टी विझवली. मान खाली. "मला नाही येत. तापातून उठलो... तेव्हापासून नाकच गेलं."

मी रेडिओ दुरुस्त करणारी बाई, तोंडाची फटकळ. पण तेव्हा मुकाट खिडकी उघडून धूर बाहेर सोडला.

वडिलांनी त्याला वासावर भाजायला शिकवलेलं. रेडिओ मोठ्यानं लावायचा, नाक पिंपापाशी धरायचं, ही घरची रीत. आता घाण्यामागून घाणा जळत होता, आणि त्याची ताई दुकान विकायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. का गेले, विचारू नका. त्यानं घाणा चढवला तशी मी उठून रेडिओ बंद केला.

"अहो, बाबांच्या वेळेपासून तो चालू—"

"माझं पोट रेडिओवर चालतं, तरी सांगते, बंद. नुसत्या खरखरीवरून बिघाड ओळखते मी. नाक नाही तर कान वापरू. गप्प बसा आणि ऐका."

आधी नुसती पिंपाची घरघर. मग बिया तडकू लागल्या, तडतड, जोरात. मग सगळं चिडीचूप... आणि मग बारीक चुरचुर, कुणी कानात कुजबुजावं तशी.

"आता काढा!"

बिया छान तपकिरी निघाल्या. तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी उगीचच बोटांना लागलेली, तारांना डाख द्यायची राळ पुसत बसले.

मग रोजचंच झालं. मी ऐकायची, तो कॉफी करायचा आणि गोष्टी सांगायचा. 'अहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"पूर्वी राजे कॉफीची दुकानं बंद पाडायचे, ठाऊक आहे? लोक तिथं बसून फार बोलतात म्हणून."

"मग तुला तर पहिला आत टाकला असता."

"आणि तुला?"

"मला कोण धरतंय!"

एक दिवस ताई आल्या. पेला तोंडाला लावला, लगेच दुसरा घोट घेतला. "बाबांची चव आहे रे," म्हणाल्या. विकायचं तिथंच राहिलं.

मला वाटलं, आता हा बोलेल. पण तो उलट गप्पच झाला. एका संध्याकाळी भट्टी थंड होती, रेडिओ चालू होता, तेव्हा म्हणाला, "दुकान वाचलं गं. पण उद्या घरात काही जळलं तर मला कळायचं नाही. आणि तू... तुझा वास कसा आहे, तेसुद्धा मला..."

"राळेचा. फार काही गमावत नाहीयेस."

तो हसला नाही. "परत आलंच नाही नाक, तर? असल्या माणसाशी कोण संसार करेल?"

"मी करेन. मला नवरा हवाय. नाक माझ्याकडे आहे."

तो उठला. सावकाश गेला आणि रेडिओ बंद केला.

"का रे? ऐकू नाही आलं?"

"आलं," तो जवळ येऊन बसला. "परत बोल."

मी परत बोलले. पण या खेपेला आवाज कापला माझा... आणि तोही त्यानं ऐकला.