डाव्या बाजूचं दूध

यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक जरी खोटा निघाला तर माझी जीभ झडो. आणि ती झडायची वाट बघत बसलेल्यांनी खुशाल बसावं, चहा मिळणार नाही.

एक गवंडी होता. हाताला सफाई अशी की त्याच्या गिलाव्यावरून माशीचा पाय घसरावा. त्याची बायको पहिलटकरीण, नुकतीच बाळंत होऊन घरी आलेली. दूध उदंड. गाऊन पुढून ओला व्हायचा म्हणून ती आत सुती कापडाच्या घड्या ठेवायची, भिजल्या की पलंगाशेजारच्या बादलीत टाकायची.

पलंगालगतच्या भिंतीत जुन्या पाइपचं भोक राहिलं होतं. तिथून गार वारा बाळाच्या टाळूवर यायचा. गवंड्याची कामाची रीत अशी, की मोठं भोक बुजवायचं तर आधी चिंध्या कोंबायच्या, मग वरून सिमेंट. त्याने बादलीत हात घातला आणि लागतील तेवढ्या घड्या कोंबल्या. दुधाने भिजलेल्या. वर गिलावा केला, हात धुतले, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाळाला उजवीकडे पाजत होती. तेवढ्यात भिंतीत कोणीतरी रडलं. मोकळ्या गळ्याने, हक्काने. आणि तिचा डावा पान्हा फुटला. धार थेट भिंतीवर. उजवीकडचं दूध तिथल्या तिथे थांबलं. बाळ कोरडंच चोखत राहिलं आणि दमून बारीक आवाजात रडायला लागलं.

"शेजाऱ्यांचं मूल असेल," नवरा म्हणाला.

"शेजारी म्हातारा-म्हातारी आहेत."

"मग म्हातारी रडत असेल. म्हातारा बघितलायस ना?"

पण हे रोजचंच झालं. भिंत रडली की डावीकडे धार. गिलाव्यावर ओला डाग पडला. तो वाढत गेला, मधोमध फुगला. हात लावला तर कोमट. आंबूस वास यायचा.

बाळ मात्र वाळत चाललं. मांड्यांची कातडी सैल पडली. तपासायला येणाऱ्या नर्सने त्याला काट्यावर ठेवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"दूध ओढताना बाळाची पकड चुकतेय बाई. वजन असंच उतरत राहिलं तर पोर हाताला लागायचं नाही."

नर्स गेल्यावर सासूने गाऊन सारून बघितलं. डाव्या स्तनावर दातांचे ठसे, काळेनिळे, एकातून रक्त येत होतं. बाळाच्या तोंडात तर नुसत्या हिरड्या. सासू सावकाश आपल्या लेकाकडे वळली.

"लाज वाटत नाही रे मेल्या? बाळंतीण आहे ती!"

गवंड्याचे कान लाल झाले. "आई! मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"हाताचं कोण बोलतंय?"

बायको हसली नाही. ती डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपायची. भिंतीला कान असतात हे तिने ऐकलं होतं. तोंड असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी बाळाला रडायलाही जमेना. तोंड उघडलं, आवाज नाही. आणि भिंतीने हंबरडा फोडला. दूध डावीकडे धावलं.

तिने बाळाला पलंगाच्या कडेला ठेवलं आणि नवऱ्याच्या पिशवीतून घण काढला.

पहिल्या घावाला गिलावा सुटला. दुसऱ्याला आतून किंकाळी आली.

"अगं, भिंत पडेल!"

"पडू दे!"

विटा फुटल्या. तांबडं-पांढरं पाणी तिच्या तोंडावर उडालं. पुढचा घाव विटेवर पडला नाही, कशात तरी मऊ रुतला. भगदाड उशीएवढं झालं.

"थांब, आत काहीतरी जिवंत आहे," म्हणत नवऱ्याने हात घातला.

कडकन आवाज झाला. हात बाहेर आला तेव्हा त्याला करंगळी नव्हती.

सासूने त्याला कमरेला धरून मागे खेचलं. तो गुरासारखा ओरडत होता. बायको घण घालतच राहिली.

धूळ. खोकला. काही दिसेना.

गादीवर काहीतरी सरपटलं.

धूळ बसली. भगदाडात नुसता काळोख. बाळ पलंगावर होतं, चुन्यासारखं पांढरं, डोळे उघडे.

"बुजव," ती म्हणाली.

त्याने हाताला फडकं बांधलं आणि तशाच रक्ताळल्या हाताने विटा लावल्या.

तिने बाळ उचललं, छातीशी धरलं. ते गटागटा प्यायलं. तिने ओठ दाताखाली दाबून धरले.

बघता बघता बाळ गुटगुटीत झालं. नर्सने त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं आणि झटकन काढून घेतलं.

"पकड आता झकास आहे," बोट मुठीत दाबत ती म्हणाली.

"बापावर गेलंय," सासू म्हणाली. "ताटाला कधी नाही म्हणत नाही."

आणि भिंत त्या दिवसापासून जी गप्प झाली, ती झालीच.

बरं बाई, एवढं एक पदरचं घातलं. भिंत गप्प झालेली नाही. दुपारी रडते. आवाज तेवढा बदललाय, आता बारीक येतो, दमलेला. ऐकू आला की ती मांडीवरचं पोर कडेवर घेते, स्वयंपाकघरात जाते आणि मिक्सर लावते. रिकामाच.