बाटलीभर ब्रेक ऑइल गेलं कुठे?

वैजूमावशीने रिकामी बाटली राजसीच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "यातलं ब्रेक ऑइल गेलं कुठे?"

राजसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा वाजता वाईला मल्लखांबाच्या जिल्हा संघाची निवड होती. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरायला अर्धा तास पुरे, पण मावशी अजून अंगणातच बॉनेट उघडून उभी! आईबाबा काल बसने पुण्याला लग्नाला गेले होते, म्हणून राजसीला न्यायचं काम मावशीवर आलं होतं. मावशी म्हणजे चंद्रावरच्या गाड्यांचे ब्रेक बनवणारी शास्त्रज्ञ. एव्हाना रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आपल्या आपण चालत. बाबांची गाडी मात्र जुनी, माणसाने चालवायची. अशी गाडी मावशीच्या तावडीत सापडली की घाईबिई सगळी गुंडाळून ठेवायची.

"गाडीनेच पिऊन टाकलं असेल. पेट्रोल नाही का पीत? चल ना आता," राजसी फणकारली.

"पेट्रोल जळतं. ब्रेक ऑइल जळत नाही. ते नळ्यांमध्ये बंद असतं आणि तिथेच राहायला हवं. मग बाटलीभर गेलं कुठे?"

उत्तर द्यायला बाळकोबा पुढे आला. बाळकोबा हा त्यांच्या घरचा यंत्रमानव, एक नंबरचा सांगकाम्या. त्याने काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. गेल्या आठवड्यात गाडीतला लाल दिवा लागला आणि टीं टीं सुरू झालं. राजसीताई वैतागून म्हणाल्या, हे बंद कर, कसंही कर, पण मला पुन्हा ऐकू येता कामा नये. ब्रेक ऑइल कमी झालं की हा दिवा लागतो, हे बाळकोबाला ठाऊक होतं. त्याने बॉनेटखालच्या छोट्या टाकीत भर घातली, दिवा विझला. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा उतरली, त्याने पुन्हा भर घातली. मग रोज, घरचे उठायच्या आत. आज बाटली संपली.

"आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला," मावशी म्हणाली आणि तिने किल्ली खिशात टाकली. "ही गाडी घाट उतरणार नाही."

मग राजसीने अंगण डोक्यावर घेतलं. दिवा विझलाय, टाकी काठोकाठ आहे, आणि तुला उगाच नसती भुतं दिसतात, असं ती मावशीला तोंडावर म्हणाली. वर्षभर मल्लखांबाला एरंडेल लावून सराव केला, तळहात सोलून घेतले ते कशासाठी, असंही तिने विचारलं. मावशीने टॅक्सीसाठी फोनावर फोन केले, पण सुट्ट्यांमुळे सगळ्या पर्यटकांनी अडवल्या होत्या. शेजारच्यांची गाडी गावात नव्हती आणि एसटी नुकतीच गेली होती. राजसीने हातातली पिशवी भिरकावली.

मावशीही काही शांत स्वभावाची नव्हती. तिने स्वयंपाकघरातून दुधाची पिशवी आणि पातेलं आणलं आणि दोन्ही राजसीपुढे आपटली. "चिडायचं तेवढं चीड, पण आधी हिला एका टोकाला दाब."

राजसीने रागारागाने अंगठा दाबला. पिशवीचं दुसरं टोक लगेच टम्म फुगलं.

मावशी म्हणाली, "द्रव असंपीड्य असतो (म्हणजे दाबला तरी लहान होत नाही). म्हणून इथला दाब तिथे पोचतो. तुझा पाय पेडल दाबतो, पेडल एका दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या ऑइलला ढकलतो आणि ऑइल चाकाजवळच्या दट्ट्यांना. ते ब्रेक आवळतात. पायाचा जोर चाकापर्यंत नेणारं दुसरं काहीच नाही."

मग तिने पिशवी पातेल्यावर धरून तिचा कोपरा कापला. आता दाबलं की दूध पातेल्यात सांडायचं, अंगठा आत रुतायचा आणि दुसरं टोक ढिम्म. चाकाजवळचे ब्रेकचे पॅड झिजले तरी ऑइलची पातळी उतरते, कारण दट्टे पुढे सरकतात आणि मागची जागा भरायला ऑइल खाली जातं. पण तसं व्हायला महिनोन्‌महिने लागतात, मावशीने सांगितलं. आठवड्यात बाटली संपली, याचा अर्थ कुठेतरी गळतंय. टाकीतल्या तरंगीला (ऑइलवर तरंगणाऱ्या छोट्या गोळ्याला) पातळी तेवढी कळते. ती का उतरली, हे तिला कळत नाही. ते माणसाने शोधायचं असतं.

राजसीचा राग अजून उतरला नव्हता. मावशीने तिला ड्रायव्हरच्या जागी बसवलं, हँडब्रेक ओढलेला आहे ना ते पाहिलं आणि पेडल जोरात दाबून धरायला सांगितलं. आधी ते घट्ट लागलं. मग तिच्या पायाखाली हळूहळू बसत गेलं आणि शेवटी जमिनीला टेकलं. बाळकोबाने वाकून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली होती आणि खाली थेंब पडत होते.

राजसीने पेडलवरून पाय काढला. बाबा रोज कचेरीसाठी हाच घाट उतरत होते, परवापर्यंत. ती भडकून खाली उतरली. "मला सांगितलं का नाहीस?" ती बाळकोबावर ओरडली.

"तुम्ही विचारलं नाहीत, ताई. दिवा बंद करायला सांगितलं होतं. केला."

"तक्रार थांबली की या यंत्रमानवांच्या लेखी काम झालं," मावशी म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "माणसांनीच असे बनवलेत, कारण माणसांना तेच आवडतं. माझ्या चंद्रगाडीचा दिवासुद्धा गप्प करायला निघालेले साहेब आहेत. भांडतेय मी त्यांच्याशी, आणि भांडणार."

दहा वाजून गेले. निवड पुढच्या वर्षीच, असं मल्लखांबाच्या सरांनी फोनवर सांगितलं. राजसी रडली, अगदी दातओठ खात रडली. मग तिने स्वतःहून बाबांना फोन लावला. निवड झाली का, असं त्यांनी विचारायच्या आत तिने दिवा, बाटली, पेडल, सगळं सांगून टाकलं. आपण काय हुकूम सोडला होता तेही सांगितलं.



"परवा घाटात पेडल मऊ लागलं होतं," बाबा म्हणाले. "पण दिवा लागला नव्हता. म्हटलं, आपल्यालाच वाटत असेल. चालवत राहिलो."

राजसीने फोन ठेवला. राग होताच, पण आता तो कुठे लावायचा हे तिला कळलं होतं. तिने बाळकोबाला हाताला धरून ओसरीवर बसवलं आणि मावशीला म्हणाली, "याचं डोकं कसं उघडतात ते मला शिकव. मी याला असं शिकवेन की असल्या हुकमाला हा मला नाही म्हणेल. मी कितीही ओरडले तरी."

मावशी पान्हे आणायला आत गेली.