पहारीचे तीन ठोके

तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. भुतांच्या गोष्टींवर वर्गात हसलोही. तरी हे लिहितोय, कारण मी तिथे उभा होतो.

११ मे २०२४. शनिवार, दुपारचे चार. आष्टीजवळच्या एका वस्तीवरची विहीर.

आदल्या रात्रीच सूर्यावरचं वादळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळलं होतं. सुई हलते का, ते पाहून मुलांना सांगावं, म्हणून होकायंत्र घेऊन फिरत होतो.

माझा जुना विद्यार्थी भागवत विहिरीच्या तळाशी खडक फोडत होता. वर क्रेनपाशी त्याची बायको बबिता. पहारीचे तीन ठोके म्हणजे 'वर घे', ही दोघांची खूण.

पाणी पाहणारे तात्याबा काठावर अनवाणी उभे होते. तळहातावर नारळ.

"बबिता, त्याला वर घे. आज जमीन बोलायलीय. खाली गाडलेलं माणूस दिसायलंय मला."

मी हसलो. "नारळाला पाणी दिसायचं. आता माणसंही दिसतात का?"

"तुमचा काटा बघा की, गुरुजी."

पाहिलं...

सुई उत्तर सोडून विहिरीकडे वळली होती. थरथर नाही. अगदी स्थिर.

"अशा वादळाने सुई फार तर एखादा अंश हलते," मी समजावत बसलो. बबिताही ऐकत राहिली. मोलाची दोन मिनिटं गेली.

मग खालून...

एक. दोन. तीन.

बबिताने खटका ओढला. क्रेनच्या पाळण्यातून वर येऊन भागवतने काठावर पाय ठेवला, आणि त्याच्या मागे विहिरीची पलीकडची अख्खी कड खाली बसली.

धुरळा निवला.

"बरं झालं, वेळेवर ठोके दिलेस," मी म्हटलं.

"मी कुठं दिले, गुरुजी? पहार तर कवाच हातातून सुटलती."

आणि त्या ढिगाऱ्याखालून...

एक. दोन. तीन.

बबिता क्रेनकडे धावली. मग नवऱ्याकडे पाहून जागीच थांबली.

ढिगारा कुणी उपसला नाही. कुणासाठी उपसणार? माणूस तर समोर होता.

भागवत जेवतो, शेतात जातो. फक्त दुपारी चारला त्याचा श्वास कोंडतो. नाकात माती जाते म्हणतो. अंबाजोगाईच्या डॉक्टरांना छातीत काही सापडलं नाही.

माझी सुई मात्र अजून उत्तरेला येत नाही.

परवा त्याच्या अंगणात बसलो होतो. लख्ख ऊन. चहा पिता पिता तो सहज म्हणाला,

"गुरुजी, खाली लई अंधार हाय. ठोके देऊन देऊन हात दमले. तुमी मला वर कवा घेणार?"