गारेच्या आतली टकटक

देवाला स्मरून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या धाकट्या दिरांसोबत घडलं. रात्री नाही, भरदुपारी, एका उघड्याबोडक्या टेकडीवर.

भाऊजी भूगर्भतज्ज्ञ. टेकडीच्या पोटात सोन्या-चांदीची बारीकशी शीर असावी, असा त्यांचा अंदाज. म्हणून यंत्राने मनगटाएवढं भोक पाडून दगडाच्या कांड्या वर काढणं चाललं होतं.

पांढरीशुभ्र गार, म्हणजे गारगोटीचा दगड, लागली. शीर असते ती गारेतच. सगळे खुशीत.

आणि यंत्राची नळी एकाएकी हातभर खाली घसरली...

आत पोकळी!

"जुनी खाण असेल," भाऊजी म्हणाले.

"खाण? इथं उंदराचं बीळ नाही, साहेब!" यंत्र चालवणारे ड्रिलरकाका हसले.

नळीत अडकलेली कांडी सुटावी म्हणून काकांनी सवयीने नळीवर पान्याचे तीन टोले हाणले.

टण... टण... टण...

खालून तीन टोले आले.

"आवाज घुमतोय," भाऊजी म्हणाले. पण खात्री करायला त्यांनी मुद्दाम दोनदाच ठोकलं.

उत्तर आलं... पाच वेळा. घाईघाईने.

"काका, आत माणूस अडकलाय!"

"शिरला कुठून?"

नळ्या वर ओढल्या. भाऊजींनी दोरीला पाण्याची छोटी बाटली बांधून भोकात सोडली. दोरी सैल पडली.

मग हळूच... ताणली गेली.

बाटली वर आली. रिकामी. झाकण घट्ट लावलेलं.

काकांचा चेहरा पांढराफटक. "बुजवा, साहेब. तहानेने जीव चाललेला माणूस झाकण लावत बसतो का?"

"आणि माणूसच असला तर? त्याच्या डोक्यावर सिमेंट ओतू?"

आता भोकात नळी नव्हती. तरी टकटक येत होती. दगडावर दगड आपटल्यासारखी...

आणि ती वर सरकत होती.

शेवटी भाऊजींनीच होकारार्थी मान हलवली. सिमेंट ओतलं.

टकटक थांबली.

पण त्यांच्या जिवाला चैन पडेना. कोणी असलाच तर वाचवू, म्हणून दुसऱ्या सकाळी त्यांनी हट्टाने अगदी शेजारीच पुन्हा भोक पाडायला लावलं.

वरपासून खालपर्यंत गार. अखंड. ना पोकळी, ना सिमेंटचा कण. शीर तेवढी सापडली, सोनं-चांदी दोन्ही.

भाऊजी घरी आले ते तापाने फणफणत. मी उशाशी बसले, तर माझा हात धरून म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज देवापाशी बसता. एवढंच विचारा त्याला... मी कोणाला बुजवलं?"

रोज विचारते.

देव अजून गप्प आहे.