तहान शिकलेलं मूत्रपिंड

चाचणीकक्षातल्या पडद्यावर डॉ. अवंतिका गेडामची तीन मूत्रपिंडं दिसत होती. दोन तिची स्वतःची. तिसरं सुलभा वाघाडे या रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं आणि अवंतिकाच्या ओटीपोटात बसवलेलं.

"झकास!" विभागप्रमुख डॉ. हेर्लेकर म्हणाले. "एक आकडा इकडचा तिकडं नाही. काढू आता, आणि बाईंना बसवू."

मूत्रपिंडरोगतज्ज्ञ व्हायचं तर या विद्यापीठ रुग्णालयात असं एक तरी मूत्रपिंड अंगावर वागवावं लागे. काचपात्रात वाढलेलं हे पेशीवृक्क आकारानं पुरं असतं, पण अडाणी असतं. मीठ किती धरायचं, पाणी किती सोडायचं, हे ते जिवंत देहात राहूनच शिकतं. शिकण्याच्या त्या महिन्यांना म्हणायचं बोधकाळ आणि ज्याच्या अंगात ते शिकतं तो धात्रीदेह. पेशींवर आवरण चढवलेलं असल्यानं परका देह त्याला झिडकारत नाही. धात्री म्हणून शिकाऊ डॉक्टरच का? कारण ते फुकट मिळतात, आणि पदवी सरांच्या हातात असते तोवर पळूनही जात नाहीत. विद्यापीठ याला 'अनुभवातून शिक्षण' म्हणायचं. गोंडस नाव द्यायला काय जातं?

सुलभा बस कंडक्टर होती. डायलिसिसवर तिची काही वर्षं गेली होती, घोट मोजून पाणी पिण्यात. शस्त्रक्रियेनंतर अवंतिकानं स्वतः तिच्या हातात भरलेला तांब्या दिला.

"पोटभर पेऊ ना, मॅडम?"

"पोटभर."

सुलभा घटाघटा प्यायली. हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरले. ती रडत होती की हसत होती, कळेना.

आठवड्याभरात तिचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला. रक्तदाब चढला, लघवी आटली.

"देहानं झिडकारलंय?" हेर्लेकरांनी विचारलं.

"नाही सर. तुकडा काढून तपासला, स्वच्छ आहे. ते चोख काम करतंय. फक्त माझ्यासाठी."

"कोड्यात बोलू नका."

"मूत्रपिंड नुसती गाळणी नसते, तराजू असतो. त्याचं पासंग बोधकाळात ठरतं. माझ्या अंगात ते काय शिकलं? सकाळी एक चहा. मग वॉर्ड, ओपीडी, पुन्हा वॉर्ड. पाणी नाही. प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि गेलं की तुम्ही ओरडता, 'गेडाम कुठं उलथल्या?' ते शिकलं की पाणी येतच नसतं, आणि चुकून आलं तर सोडायचं नसतं."

"मग चाचण्यांत कसं दिसलं नाही?"

"चाचण्या माझ्याच देहात केल्या ना! शिकाऊ डॉक्टर म्हणजे निरोगी माणूस, असं धरून चाललो आपण."

हेर्लेकरांनी अहवाल बाजूला सारला. "पुन्हा शिकवता येणार नाही."

"नाही. आणि काढलं तर बाई जाईल. डायलिसिसला एक शीर उरलेली नाही तिची. सर, पुढच्यांची तरी ड्यूटी बदला. प्यायला वेळ द्या, झोपायला द्या."

"आम्ही काय पाणी पीत डॉक्टर झालो?" सर हसले. मग एकदम थांबले. "बाई कंडक्टर ना? ड्यूटीवर पाणी पीत होती?"

सुलभाची हकिकत अवंतिकानंच लिहून घेतली होती. उन्हातल्या लांब फेऱ्या, बायकांना कुठल्याच थांब्यावर आडोसा नाही, म्हणून दिवसभर घशाला कोरड. मूत्रपिंडं करपली होती ती त्यातच.

"नव्हती पीत," ती म्हणाली.

"मग प्रश्न मिटला. पाठवा कामावर. घरी नुसतं पाणी तोडून भागायचं नाही, घामही जायला हवा."

"सर, त्याच कामानं तिची..."

"तिची स्वतःची गेली. हे तशातच शिकलंय, हे टिकेल. चुकीचं असेल तर सांगा."

चुकीचं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. जखम भरल्यावर सुलभा कामावर गेली, आणि सूज उतरली. रक्तदाब असा, की पाठ्यपुस्तकात छापावा. हेर्लेकरांना पुरस्कार मिळाला. सरकारनं नियमच केला, पेशीवृक्क आधी तहानेल्या धंद्यांना: वीटभट्टीवाले, चौकातले पोलीस, कंडक्टर. अवंतिका पुन्हा ड्यूटीचा अर्ज घेऊन गेली, तेव्हा सर मायेनं म्हणाले, "आता कसं बदलणार, बाळ? तुम्ही पाणी प्यायला लागलात तर त्या गरिबांना चालणारी मूत्रपिंडं आणायची कुठून?"

अवंतिकाच्या पोटात तेव्हा दुसऱ्या रुग्णाचं मूत्रपिंड शिकत होतं.

वर्षभरानं सुलभा ओपीडीत आली. डोळे सुजून बारीक झालेले, चपलेत पाय मावत नव्हते.

"पोरीचं लगन होतं, मॅडम. रजा घेतली. चार दिस बसली, पानी पेली, त हे असं."

"उद्यापासून कामावर जा. उतरेल."

"जाईन ना. न जाऊन सांगू कोनाले?" सुलभा हसली. मग खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाली, "पन मॅडम, दोन वर्सानं मले रिटायर करतीन. मंग?"

अवंतिकानं खाली वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो भरून येईना.