जिभेवरचा पहारेकरी

टक्!

धाकट्या ओजूला नुकतं कुठे खाली ठेवलं होतं. तासभर खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्यावर, येतील तेवढी सगळी गाणी दोनदा म्हणून झाल्यावर तिचे डोळे मिटले होते. घर गप्प झालं होतं. चंद्रावरच्या घरात गप्प म्हणजे हवा खेळवणाऱ्या पंख्याची घरघर तेवढी. आणि अशात स्वयंपाकघरातून तो आवाज आला.

शाल्मली तशीच डोळे मिटून पडून राहिली. आवाज तिने ओळखला होता. नीट जमलेलं, काळंभोर, कडू चॉकलेट मोडलं की असंच ‘टक्’ वाजतं. वस्तीच्या काचघरात कोकोची झाडं होती आणि शाल्मली तिथली चवपारखी. प्रत्येक नव्या घाण्याचा पहिला तुकडा तिच्याच जिभेवर यायचा. साखर पृथ्वीवरून यायची, ती सणासुदीपुरती. त्यामुळे इथलं चॉकलेट कडूच.

पण ते मोडत कोण होतं? तिचा नवरा भार्गव कामावर गेलेला. ओजू दहा महिन्यांची. राहिली थोरली कस्तुरी, साडेसात वर्षांची. तिला तर ते चॉकलेट पाहूनच शहारे यायचे. आणि गेले चार दिवस रोज दुपारी डब्यातला एक तुकडा कमी होत होता!

“बंब्या, कोण रे खातंय?” तिने पडल्या पडल्या हळूच विचारलं.

बंब्या हा त्यांचा घरकामाचा यंत्रमानव. पूर्वी आंघोळीचं पाणी तापवायला बंब असायचा ना, तस्सा गोल.

“सांगायचं नाही असं कबूल केलंय मी, ताई.”

“कुणाला?”

“कस्तुरीला.”

“शहाणाच आहेस!”

शाल्मली उठली. तीन रात्रींची झोप डोळ्यांत वाळूसारखी खुपत होती. स्वयंपाकघरात कस्तुरी मोरीपाशी उभी होती. डोळे घट्ट मिटलेले, नाक लाल, गालांवरून पाणी. ती चूळ भरत होती आणि चंद्रावर सगळंच हलकं, त्यामुळे चुळीचं पाणीही सावकाश खाली पडत होतं.

“कस्तू! आवडत नाही तर खातेस कशाला गं?”

“सवय करतेय.”

“कुणी सांगितलं करायला?”

“कुणी नाही.” मग बाहीने तोंड पुसत, “ओजूला आवडतं.”

“बरं मग?”

“तू म्हणालीस ना त्या दिवशी. शेवटी लेक कुणाची!”

गेल्या आठवड्यात ओजूने शाल्मलीच्या हातातला तुकडा चाटला होता. तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चाटला. सगळे हसले, आणि शाल्मली कौतुकाने बोलून गेली होती. दमलेल्या माणसाच्या तोंडून निसटतं तसं. त्याच टेबलाशी बसून कस्तुरीने आपला घास गुपचूप कागदात थुंकला होता. ते शाल्मलीला आत्ता आठवलं.

“मी तुझ्या पोटातून नाही आले,” कस्तुरी म्हणाली. “म्हणून मला कडू लागतं. पण खाऊन खाऊन आवडायला लागलं, तर मग मीपण तुझ्यासारखी होईन ना?”

कस्तुरी आठ महिन्यांची असताना त्यांनी तिला पृथ्वीवरच्या एका बालसदनातून घरी आणलं होतं. ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, घरात कधी झाकून ठेवलं नव्हतं. ‘वेडाबाई’ म्हणून जवळ घ्यावं आणि दोघींनी झोपून टाकावं, असं शाल्मलीला क्षणभर वाटलं. पण पोरीने चार दिवस कडू गिळलं होतं. तिला पापी देऊन भागणार नव्हतं.

ती फरशीवर फतकल मारून बसली. “ये. जीभ काढ बघू. हिच्यावर रुचिकलिका आहेत (म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक बारीक गुच्छ). गोड कळलं की त्या मेंदूला सांगतात, खा, यात ताकद आहे. आणि कडू कळलं की?”

“थुंक!”

“हो. कारण रानातली पुष्कळशी विषं कडू असतात. तेव्हा कडू लागणं म्हणजे पहारेकऱ्याची आरोळी. लहान मुलांचा पहारेकरी जास्त जोरात ओरडतो. तुझा तर फारच कडक आहे. काहींचा जन्मतःच तसा असतो.”

“मग ओजूचा झोपलाय?”

“तिच्या पहारेकऱ्याची ओळख आधीच झालीय,” बंब्या दारातून म्हणाला. “पोटातलं बाळ गर्भजल गिळतं (म्हणजे ज्या पाण्यात ते तरंगतं ते पाणी). आईने खाल्लेल्या पदार्थांचा वास त्यात उतरतो. पुढे दुधातही उतरतो. आणि ताई तेव्हा रोज कोको चाखायच्या.”

“म्हणजे ती आतच शिकली?” कस्तुरी ओरडली. “ही तर कॉपी झाली!”

शाल्मलीला हसू आलं. “शिकवणी म्हण. तिची आधी सुरू झाली. तुला माहितीय, मी पहिल्यांदा काय केलं होतं? साहेबांच्या समोर थुंकले. चवपारखी म्हणून रुजू झाले त्याच दिवशी!”

“खरंच?”

“देवाशप्पथ. मग रोज चिमूटभर खायचे. पुन्हा पुन्हा खाऊन काही बिघडलं नाही, की मेंदू पहारेकऱ्याला म्हणतो, हा ओळखीचा आहे, जाऊ दे. कुणाला दहा वेळा लागतात, कुणाला पंधरा. मला तेवीस दिवस लागले. कुणाला कधीच जमत नाही, आणि त्याने काही अडत नाही. तुझ्या बाबांना कारलं अजून जमलंय का?”

“बाबा कारलं नॅपकिनमध्ये लपवतात.”

“हो का? बघतेच त्यांच्याकडे. आता नाक दाब.”

कस्तुरीने नाक दाबलं. शाल्मलीने नखाएवढा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. “चावू नकोस. विरघळू दे.”

“कनू... कनू लानतंय!”

“हं. सोड आता नाक.”

कस्तुरीने नाक सोडलं. तिचे डोळे मोठे झाले. तिने जीभ टाळ्यावर घोळवली. मग म्हणाली, “आई, शेंगदाणे! भाजलेले. आणि... संत्र्याची साल?”

“कडू जिभेला कळतं. बाकीचं सगळं नाकाला कळतं. कडूपणाच्या मागे ते उभं असतं, रोज थोडं थोडं पुढे येतं.” शाल्मलीने तिला मांडीवर ओढलं. “आणि ऐक. मी बोलले ते चुकलंच. तू माझी आहेस. तुला कडू आवडो, न आवडो. हे काही परीक्षेत पास होऊन मिळवायचं नसतं.”

कस्तुरी तिच्या कुशीत शिरली. शाल्मलीचे डोळे मिटायला लागले.

“पाच दिवस झाले माझे,” कस्तुरी पुटपुटली. “पुढच्या महिन्यात तेवीस होतील. मग मीपण तुझ्याबरोबर काचघरात चाखायला येईन.”

“ये की. मला मदतच होईल.”

शाल्मलीला वाटलं, पोर झोपली. पण कस्तुरी उरलेला तुकडा नाकाशी धरून विचार करत होती.

“आई, मग मीपण आतमध्ये काहीतरी शिकून आले असेन ना? मी जिच्या पोटात होते, ती काय खायची गं?”

बालसदनाच्या कागदांवर जन्माची वेळ होती, वजन होतं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.